ट्रायलची फेरी

जयसिंगरावांचे डोळे गेले, तरी त्यांची जुनी लाल स्पोर्ट्स कार महिन्यातून एकदा बिघडायचीच. उभ्या गाडीला काय होतं, ते विचारू नका. मंडईमागचा रंगराव मिस्त्री यायचा, बॉनेटमध्ये खुडबुड करायचा आणि म्हणायचा, "चला अण्णा, ट्रायलला. इंजिनाचा आवाज तुमच्याच कानाला कळतो." मग दोघे खडकवासल्याला जाऊन यायचे.

"बाबा, दर महिन्याला नवा बिघाड? अहो, मिस्त्री बनवतोय तुम्हाला!" हिंजवडीत नोकरीला असलेला मुलगा, पृथ्वीराज, वैतागला आणि त्याने गाडीची देखभाल कंपनीच्या शोरूमकडे लावून दिली.

वर्षभरात गाडी एकदाही बिघडली नाही.

 

काल जयसिंगरावांनी चाचपडत बॉनेट उघडलं, हाताला लागली ती वायर उपटली, आणि टोपी घालून ते डावीकडच्या सीटवर रंगरावची वाट बघत बसले.