पानाचा कोपरा

पहिला प्रश्न अध्यक्षांनीच विचारायचा असतो. त्यांनी तो विचारला, पण समोर बसलेल्या बाईकडे न बघता.

"हा अहवाल तुम्हाला कुणी दिला?"

"ते सांगता येणार नाही, साहेब."

इस्पितळाला आग लागून अकरा माणसं गेली, त्याचा तो अहवाल. सभागृहात मांडायच्या आधीच पेपरात छापला, म्हणून हक्कभंग समितीने तिला बोलावलं होतं. ती पेपरची मुख्य उपसंपादक. समितीचे अध्यक्ष त्याच पेपरचे जुने संपादक. सव्वीस वर्षं तिथली खुर्ची झिजवून मग निवडणुकीला उभे राहिले आणि निवडून आले. बातमी कुणी दिली ते मेलं तरी सांगायचं नाही, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. तिचं 'कात्री' हे नावही त्यांनीच ठेवलेलं, कारण मजकूर कुणाचाही असो, ती दयामाया न दाखवता कापायची.

आणि हा अहवालही त्यांनीच दिला होता. स्वतःच्या हाताने, याच इमारतीच्या मागच्या जिन्यात. "छाप," म्हणाले होते, "मला आता बोलता येत नाही." खोलीतल्या सात माणसांपैकी हे दोघांनाच माहीत होतं.

विरोधी बाकावरचे सदस्य, पेशाने वकील, पुढे सरकले. हा गृहस्थ चहा कधी मागवायचा यावरसुद्धा हरकत घेणारा. पेपरच्या कचेरीतून जप्त केलेलं अहवालाचं पान त्यांनी वर धरलं.

"या पानाचा खालचा कोपरा कुठे गेला?"

"कापला."

"कोणी?"

"मी."

"का म्हणून?"

"सवय आहे. कामाचं नसेल ते कापायचं."

दोघं सदस्य हसले. अध्यक्ष हसले नाहीत. त्या कोपऱ्यात काय होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. पेपरात एक शिस्त होती. संपादकाने पान वाचून खालच्या उजव्या कोपऱ्यात हिरव्या पेन्सिलीने बरोबरची खूण केल्याशिवाय ते छपाईला जायचं नाही. त्यांचा पेपर सुटला, पण पेन्सिल खिशातून गेली नाही. हाती येईल तो कागद वाचायचा आणि खूण करायची. सून हसायची, "बाबा, वाण्याची यादीसुद्धा पास केलीत." अहवालाचं हे पानही त्यांनी असंच पास केलं होतं. जिन्यातून घरी गेल्यावर कात्रीला ती खूण दिसली. तिने कोपरा कापला आणि त्याबद्दल कुणाकडे अवाक्षर काढलं नाही, त्यांच्याकडेही नाही.

"नाव सांगितलंत तर समज देऊन सोडता येईल," अध्यक्ष म्हणाले. आवाज अगदी सभागृहातला, घोटून घोटून गुळगुळीत केलेला. "नाही तर तीस दिवस तुरुंग. सभागृह आमची शिफारस कधी मोडत नाही."

"घरी कोण असतं तुमच्या?" वकिलांनी विचारलं.

"वडील. त्यांना दिसत नाही. हाताला धरून न्यावं लागतं. सकाळी पेपर मी वाचून दाखवते." तिने अध्यक्षांकडे पाहिलं. "साहेबांना माहीत आहे."

माहीत होतंच. त्या घरात ते कितीदा जेवले होते. म्हातारा अजून त्यांना 'आमचे संपादक' म्हणायचा आणि जुने अग्रलेख पुन्हा पुन्हा वाचायला लावायचा.

अध्यक्षांनी बोलावं म्हणून कात्री थांबली. 'मी दिला' एवढे दोनच शब्द हवे होते. उभा जन्म मोठमोठ्यांना खरं बोला म्हणून ठणकावणाऱ्या माणसाला ते जड जायला नको होते. पण सोमवारी शपथविधी होता आणि नव्या मंत्र्यांच्या यादीत त्यांचं नाव होतं. त्यांना लाज वाटली. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि सगळं पाणी संपवलं.

"शिफारस आणा," ते कारकुनाला म्हणाले.

कारकुनाने ती सकाळीच टाइप करून ठेवलेली. अशा ठिकाणी निकाल कारकुनाला सगळ्यांच्या आधी कळतो. अध्यक्षांनी कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, कारण न वाचता सही करणाऱ्यांतले ते नव्हते. सही केली. पेन खाली ठेवलं. मग हात आपोआप खिशाकडे गेला, पेन्सिल निघाली आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात खूण उमटली.

टेबलापलीकडून कात्रीने ते पाहिलं. पान सुटायच्या घाईत शेवटची चूक सापडली की ती बोलायची, त्याच हलक्या आवाजात म्हणाली,

"साहेब, कोपरा."

त्यांनी खाली पाहिलं. अंगठा दाबून त्यांनी तेवढा कोपरा फाडला, चुरगळून खिशात टाकला आणि कागद सहीसाठी वकिलांकडे सरकवला.

वकिलांनी कागद घेतला, पण सही लगेच केली नाही. जप्त केलेलं पान जवळ ओढलं, शिफारशीवर ठेवलं, कडा जुळवल्या. दोन्ही कागदांचा खालचा उजवा कोपराच गायब होता. एक सदस्य चष्मा पुसायला लागले. वकिलांनी अध्यक्षांकडे पाहिलं आणि गेल्या सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून हसले. मग ऐसपैस सही केली.

कात्रीने पिशवीतून चष्म्याचं घर काढलं. चष्मा त्यात ठेवला, घर मिटलं आणि ती उठून उभी राहिली.

"एकमताने," वकील कारकुनाला म्हणाले. "असं लिहा."