आठ तुकड्यांचा अभ्रा

धाकट्या भावाच्या बायकोने आठ कापडं जोडून घरीच शिवलेला उशीचा अभ्रा हातात ठेवला, तेव्हाच नणंदबाईंनी नाक मुरडलं. वीस वर्षं कापडाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिलेली बाई ती. घरभर पाहुणे बसलेले असताना एकेक तुकडा चिमटीत धरून तिने चुरगाळायलाच घेतला. हा पहिल्या धुण्यात रंग सोडणार, याला नुसती खळ, आणि हा गालाला लागला तर पुरळच उठायचं!

"शी! मनाला लावून घेऊ नकोस हं, पण असलं कापड आमच्या दुकानात कोणी फुकटसुद्धा नेत नाही. माळ्यावर पडून असतं, आम्ही काचा पुसतो त्याने. आणि तू ते भेट म्हणून देतेस? दुसऱ्याला देताना माणसाला काही वाटायला हवं गं!"

भाऊ खाली बघायला लागला. भावजय मात्र नुसतीच गोंधळली.

"पण वन्सं, तुम्हीच दिलेली आहेत ही. माझ्या दर वाढदिवसाला एक, अशी आठ वर्षं जपून ठेवली होती मी."