तोंडात टाचण्या

शिंपीण गुडघ्यांवर बसली होती. तोंडात पाच टाचण्या, हातात खडू. गिऱ्हाइकाची नवी पॅंट दोन बोटं लांब होत होती.

मागच्या बाकावर तिचा धाकटा भाऊ पहाऱ्याला बसला होता. आठवडाभर तो असाच बसून होता. त्याच्या बायकोनं पोरीच्या ताब्यासाठी कोर्टात दावा लावला होता आणि साक्षीला नाव दिलं होतं नणंदेचं. "कागद हातात घ्यायचाच नाही," असं भावानं बहिणीला पढवलं होतं. "घेतला नाही म्हणजे मिळाला नाही." कोर्टाचा माणूस दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा भावानं त्याला 'ती गावाला गेलीय' म्हणून दारातूनच वाटेला लावलं, आणि पडद्याआड शिंपिणीच्या पाचावर धारण बसली.

"बाई, दुकान तुमचंच ना?" गिऱ्हाइकानं वरून विचारलं.

तिनं मान डोलावली.

"आणि हे बाकावरचे, तुमचे भाऊ?"

तिनं पुन्हा मान डोलावली. तोंडात टाचण्या असल्या की माणूस फार विचार करत नाही.

गिऱ्हाइकानं खिशातून घडी केलेला कागद काढला. "मग हे तुमचं. समन्स आहे. अठरा तारखेला सकाळी अकराला."

"ताई, हात लावू नकोस!" भाऊ ताडकन उठला. "आणि तुम्ही हो, गिऱ्हाइकाचं सोंग घेऊन येता?"

"सोंग कसलं? पॅंट खरंच लांब आहे," कोर्टाचा बेलिफ म्हणाला. "आधीचा माणूस दोनदा हात हलवत परत आला. म्हटलं, एका फेरीत दोन्ही कामं."

"घरच्या भांडणात बहिणीला ओढता येत नाही."

"घरच्या भांडणाला साक्षीदार बाहेरून कुठून आणायचे? घेतलं नाही तर 'नाकारलं' असं लिहीन. तरी आल्या नाहीत, तर वॉरंट निघेल."

शिंपिणीनं तोंडातली एकेक टाचणी काढून मनगटावरच्या छोट्या उशीत खोचली. शेवटची टाचणी बोटात घुसली.

"काय विचारतील मला?"

"जे पाहिलं ते."

भाऊ तिच्याजवळ येऊन वाकला. आवाज एकदम मऊ झाला. "तू काही पाहिलंच नाहीस, ताई. ती पोरीला टाकून आपल्या पायानं गेली. एवढंच सांगायचं."

"अनवाणी गेली," शिंपीण म्हणाली. "अर्धा तास बाहेरून दार बडवत होती. पोर आतून 'आई, आई' करत होती."

भावाचा चेहरा उतरला. मग तो सावरला आणि सावकाश, एकेक शब्द तोलत बोलला.

"बरं. सांग. पण मग कडी कोणी लावली, तेही सांगावं लागेल. मी पोरीला धरून होतो. माझे हात मोकळे नव्हते."

बेलिफ उगाच भिंतीवरच्या कात्र्यांकडे बघू लागला. खरंच होतं ते. भावानं ओरडून सांगितलं आणि शिंपिणीनं कडी लावली, इतकं सोपं. तेव्हापासून चार महिने भाची तिच्या मांडीवर बसली नव्हती. बोलावलं तर दाराशी जाऊन उभी राहायची.

तिनं कागद घेतला. कटिंगच्या टेबलावर ठेवून सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं, पण पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट.

"ताई, शुद्धीवर आहेस का? तूच अडकशील!"

ती उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"कडी मी लावली, हेच पहिलं सांगणार आहे," ती म्हणाली. "कुणाच्या सांगण्यावरून, ते मग तेच विचारतील."