आळीचा पाळणा

कडी कुरकुरली.

सत्यवती चुलीपुढून तशीच उठली. हात तांदळाच्या पिठाने भरलेले, पदर खांद्यावरून घसरलेला. माजघराच्या दारात आल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आता असं उठून धावायचं कारण उरलेलं नाही. पाळणा वाऱ्याने हलला होता. आत कुणी नव्हतं. मनाला हे कळलं होतं, अंगाला अजून कळायचं होतं. चोळी पुढून ओली झाली होती.

तिने पाळणा धरून थांबवला. रिकामा पाळणा हलू देऊ नये म्हणतात. आता आणखी काय वाईट व्हायचं राहिलंय, असं तिच्या मनात आलं. तरी तिने थांबवला.

तीन महिन्यांचं बाळ. तापाने फणफणलं, रात्रभर कण्हलं, उजाडता उजाडता ताप निवला. त्याच्यासोबत बाळही निवलं. तिच्या नवऱ्याने, कमळाकरने, ते लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि गाढी नदीच्या काठी मातीत ठेवून आला. आला तो सरळ न्हाणीत गेला आणि कितीतरी वेळ अंगावर पाणी ओतत राहिला.

पाळणा खरं तर त्यांचा नव्हता. मूळचा तो पलीकडच्या फहमिदाभाबीचा. तिची चार मुलं चालती झाली, तसा तो आळीत फिरायला लागला. ज्या घरी गरज, त्या घरी पाळणा. त्या आळीत सगळंच असं फिरायचं. शेवयांचा पाट, मोठं पातेलं, निखारे काढायचा चिमटा. एका घरचं लुगडं विरलं की दुसऱ्या घरी त्याची दुपटी व्हायची, दुपट्यांची फडकी व्हायची आणि फडकी जळेपर्यंत चुलीपुढे असायची. पनवेलच्या उकिरड्यावर त्या आळीतून राखेखेरीज काही जात नसे.

सत्यवतीच्या घरची ही सगळी ने-आण तिच्या पाच वर्षांच्या लेकीच्या, मालूच्या पायांवर चालायची. तिला एवढंच शिकवलेलं होतं, की आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. ईदेच्या शेवयांची वाटी आली, की परत जाताना तिच्यात गुळाचा खडा. घरात काहीच नसलं, तर रेशनच्या साखरेचे चार दाणे.

"पण रिकामं नाही हं, सोन्या," सत्यवती तिला बजावायची. "रिकामं धाडलं की पुढच्या घरात वाण पडते."

आता पाळण्याची पाळी समोरच्या भामाची होती. तिचे दिवस भरत आले होते. पण तिची सासू काल विहिरीवर मुद्दाम मोठ्याने बोलली होती, "आमी झोली बांदू. त्यो पालना चुलीत घाला."

सत्यवतीला राग आला नव्हता. तिला स्वतःलाही तेच वाटत होतं. दिला आणि भामाच्या लेकराला काही झालं, तर? आणि चुलीत घातला, तर आळीतून बाद झालेली पहिली वस्तू तिच्या घरची. तिच्या बाळाची. कमळाकरने सकाळी कुऱ्हाड काढली होती. पाळण्यापाशी उभा राहिला, आणि कुऱ्हाड जिथली तिथे ठेवून कामावर निघून गेला.

उंबऱ्यापाशी बांगड्या वाजल्या. भामाच आली होती. एक हात कमरेवर, एक पोटावर. मागे तिचा दीर, दादू.

"वयनी, पालना न्यायला आले."

"नको गं भामे." सत्यवतीने कडी घट्ट धरली. "तुझ्या सासूबाई काय म्हणाल्या, ते ऐकलंय मी. त्या काही खोटं बोलत नाहीत."

"तिचं तोंड म्हंजे गिरन हाय, वयनी. दाना नसला तरी चालते." भामा हसली, पण ते हसू तिच्याच ओठांवर टिकलं नाही. ती उंबरा ओलांडून आत आली. "फहमिदाभाबीची चार यात वाढली. तुमची मालू वाढली. ती कोन मोजत नाय. गेलेलं तेवढं मोजतात."

 सत्यवतीने पाळण्यातलं दुपटं उचललं. ते अजून धुतलेलं नव्हतं. तिने त्याची घडी केली, परत उलगडली, परत घडी केली, आणि पोटाशी धरून उभी राहिली. दादूने कड्या काढल्या. एकदा शेवटचं कुरकुरून पाळणा जमिनीवर टेकला. सत्यवतीने वाकून पदराने त्याचं लाकूड पुसलं, कोपऱ्यातसुद्धा पुसलं. आत काही म्हणजे काही राहिलं नाही.

"उचलू?" दादूने हळूच विचारलं.

स्वयंपाकघरात डब्याचं झाकण खणकन पडलं. मालू धावत आली. मूठ घट्ट मिटलेली, आणि ती दादूला आडवी झाली.

"थांब काका! असा नाही न्यायचा."

तिने पाळण्यावर मूठ उघडली. साखरेचे चार दाणे. दोन लाकडावर सांडले. दोन तळहाताला चिकटले होते, तेही तिने बोटाने नीट खाली पाडले. भामाने तोंडाला पदर लावला. मालूने मान वर करून आईकडे पाहिलं.

"आता हा रिकामा नाही ना गं, आई?"