टाकीवरची टिचकी

बायको गेल्याचा फोन दवाखान्यातून आला, तेव्हा तो पांढऱ्या द्राक्षांचा रस भरून नुकताच हात पुसत होता. निम्मा रस त्याच्या ओकच्या लाकडी पिंपात, निम्मा तिच्या स्टीलच्या टाकीत. द्राक्षं तीच, वाइन दोन, आणि चांगली कुणाची यावरून दोघांत दरवर्षी जुंपायची. "नावातच ओक, चव कुठून येणार?" असं ती म्हणायची. "तुझी म्हणजे नुसतं लिंबू पिळल्यासारखी," असं तो.

हिवाळा सरल्यावर त्याने पिंपातला घोट तोंडात घोळवला. लोणी, भाजलेले बदाम, लाकडाचा जरासा धूर, सगळं जागच्या जागी होतं.

"माझी झाली. बाटल्या भरायला घे," त्याने मुलीला ठणकावून सांगितलं.

"आणि आईची?"

"तिची अजून नाही."

"काहीतरीच काय बाबा! स्टीलमधली नेहमी आधी होते. मी चाखलीय, मस्त झालीय."

"तुझ्या आईने टाकीवर टिचकी मारून 'झाली' म्हटल्याशिवाय आपण ती कधी भरलीय का?"

पिंपातली सगळी वाइन बाटल्यांत भरून झाली. टाकीतली भरायची राहिली आहे.