न थांबणारी लिफ्ट

कुमुदवहिनींच्या कॅन्सरचा नफा झाला तो शेजारच्या नाडकर्ण्यांना. सोसायटीची लिफ्ट श्वासातला आजार हुंगायची आणि रोग्याला घेऊन मध्ये कुठेही न थांबता जायची. नाडकर्णी वहिनींबरोबर घुसायचे. उपचार संपले, लिफ्ट पुन्हा मजल्यागणिक थांबू लागली, तेव्हा वहिनींचे पेढे त्यांनी कडू तोंडाने खाल्ले.

आज वर्षभराने लिफ्ट त्या दोघांना घेऊन नवव्यावरून थेट तळाला आली.

"वा वहिनी! जुने दिवस परत आले की!"

आजार परतला की काय, हे पाहायला वहिनी लिफ्टमध्येच थांबल्या. नाडकर्णी उतरल्यावर त्या एकट्याच परत वर निघाल्या. पहिल्यावर कुणीतरी बटण दाबलं, लिफ्ट थांबली. दुसऱ्यावर थांबली. तिसऱ्यावरही थांबली.

म्हणजे हुंगलेला आजार वहिनींचा नव्हता; त्या सुटल्या. देणं निघालं ते खाली शीळ घालत उभ्या असलेल्या नाडकर्ण्यांच्या नावावर, आणि ते त्यांना सांगायचं होतं वहिनींनीच.