एका ओळीपुरती जागा

घशाच्या ऑपरेशननंतर बायकोचा आवाज गेला, म्हणून त्याने C भाषेत तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहिला. स्क्रीनवरच्या खिडकीत टाइप करायचं, कॉम्प्युटर बोलून दाखवणार. पण ती टाइप करायला बसली की खिडकी फटकन गायब! त्याने स्वतः 'पाणी' लिहिलं, 'गोळी' लिहिलं. काही बिघडलं नाही. शेवटी तो तिच्या पाठीमागे उभा राहिला. पहिली ओळ भरून ती पुढे लिहायला लागली की खिडकी गायब, आणि त्याची ट्यूब पेटली. आजारी माणूस बोलून बोलून बोलणार किती, असं धरून त्याने एका ओळीपुरतीच जागा ठेवली होती! त्याने भराभर दुरुस्ती केली. "हं, लिही आता!"

कॉम्प्युटर सुरू झाला, "ओला टॉवेल परत गादीवर, तिकडे दूध उतू गेलंय, आणि तू बसलायस खुर्चीला चिकटून..."

एरवी "पुरे गं आता" म्हणणारा तो जागच्या जागी उड्या मारत ओरडला, "अजून बोल!"